तारामावशींची उपासना

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तारामती मावशी रविवारी चर्चमध्ये उपासना घेतात, हे मी घरी सांगितलं तेव्हा आईला ते खरंच वाटलं नाही. "म्हंजे पुजारीण झाली का ती?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पुजारीण न्हाय. पुजाऱ्यासारखं काय काय करायचं न्हाय, हे शिकायला तर त्या दहा दिवस गेल्या होत्या."

मी ज्ञानेश्वरी. बेंबळीच्या पुढं चार किलोमीटरवर एक वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आठ वर्षं शिकवते, धाराशिवहून स्कूटीनं ये-जा करते. वस्तीत नव्वदेक घरं. बहुतेक शेती करणारी, काही मेंढरं-शेळ्या राखणारी, आणि ओढ्याच्या अंगाला चौदा घरं कॅथलिक ख्रिस्ती लोकांची. तीन पिढ्यांपासून ती तिथंच आहेत. त्यांची बोली, जेवण, नावं आमच्यासारखीच. बाप्तिस्म्याच्या वेळी दुसरं नाव ठेवतात, पण जुन्या माणसांत हाक मारायला ते कुणी वापरत नाही.

त्यांचं चर्च म्हणजे पत्र्याचं छत असलेली एक लांबट खोली. फादर लॉरेन्स महिन्यातून एकदा मोटरसायकलवर येतात आणि मिस्सा, म्हणजे पुरोहितानंच करायची मुख्य उपासना, करतात. ते मूळचे वसईचे. त्यांच्याकडं अशा अकरा वस्त्या, त्यामुळं उरलेल्या रविवारी हरिबा मास्तर प्रार्थना घ्यायचे. हे मास्तर शाळेचे नव्हेत, चर्चचे. मुलांना धर्माचं शिकवायचं, आजाऱ्यापाशी जाऊन बसायचं, फादर नसले की लोकांना गोळा करून शास्त्रातलं वाचायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मास्तर एका सकाळी तोंड धुता धुता खाली बसले, ते स्वतःहून उठले नाहीत. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा ऐकू येत होतं, समजत होतं, बोलता मात्र एक शब्द येत नव्हता.

त्यानंतर तीन रविवार चर्चला कुलूप राहिलं. किल्ली तारामावशींकडं असायची, कारण झाडलोट त्याच करायच्या. चौथ्या रविवारी त्यांनी कुलूप काढलं, झाडून घेतलं, आणि बाहेर पडायच्या ऐवजी आत सतरंजीवर बसल्या. ते बघून आणखी चार बाया आल्या. कुणीच काही बोलेना, तेव्हा मावशींनी पाठ असलेली प्रार्थना सुरू केली. पुढच्या रविवारी नऊ जण आले.

फादर आले तेव्हा त्यांनी मिस्सा झाल्यावर सगळ्यांना बसवून घेतलं. म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांचं शिबिर आहे. पुरोहित नसताना रविवारची उपासना कशी घ्यायची, कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, कसं वाटायचं, आजाऱ्याला ते घरी कसं न्यायचं, सगळं शिकवतील. इथून कोण जाणार?

बायकांनी तारामावशींचं नाव घेतलं. कल्याणप्पा उठून उभे राहिले. हे वस्तीतले जुने गवंडी, चर्चच्या भिंती त्यांनीच उचललेल्या, त्यामुळं चर्चमध्ये त्यांचा शब्द चालायचा.

"फादर, बाईमाणूस वेदीपुढं उभं राह्यलं तर बरं दिसंल का? आन् ती सातवी शिकलेली. वाचताना अडखळली म्हंजे लोक हसतील."

"मग तुम्ही जाता का, कल्याणप्पा?" फादरनी विचारलं.

"मला कुठं वाचता येतंय?"

"दुसरं कुणी?"

कुणी हात वर केला नाही. तरणी पोरं पुण्याला आणि सोलापूरला कामाला. फादर तारामावशींकडं वळले. मावशी म्हणाल्या, "कल्याण अण्णा म्हणतेत ते खरंच हाय. म्या अडखळते. पर जाते. शिकायचं म्हंजे अडखळायचंच."

त्यांचा नवरा धनाजी शेळ्या राखतो. मावशी घरी गेल्या तेव्हा त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तो शेळीच्या पायात रुतलेला काटा काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "जा. दहा दिवस म्या करून खातो. म्या काय ल्हान हाय का?" मावशी परत आल्या तेव्हा घरातलं बेसन संपलेलं होतं. दहा दिवस त्यानं दोन्ही वेळा पिठलंच खाल्लं होतं.

सुट्टीनंतर शाळा भरली. मधल्या तासाला मी तांदूळ निवडायला मावशींच्या जवळ जाऊन बसले आणि विचारलं, काय काय शिकवलं?

"आधी काय करायचं न्हाय ते शिकवलं," त्या म्हणाल्या. "मिस्सा फादरच करणार, त्याला आपुन हात लावायचा न्हाय. फादरच्या खुर्चीवर बसायचं न्हाय, ती रिकामीच ठेवायची. फादर म्हणतेत, 'प्रभू तुम्हांबरोबर असो.' आपुन तसं म्हणायचं न्हाय. शेवटचा आशीर्वाद फादर लोकांवर हात करून देतेत, 'तुम्हांला' म्हणून. आपुन म्हणायचं, 'आपल्याला.' प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो. आन् क्रूसाची खूण आपल्याच अंगावर करायची."

"मग वाईट नाही वाटलं?"

"उलट बरं वाटलं, मॅडम. लोकांच्या वर उभं राह्यचं असतं तर माझ्यानं झालं नसतं. हे लोकांतच उभं राह्यचंय, फकस्त तोंड लोकांकडं करून."

अडचण वेगळीच निघाली होती. मावशी फार भरभर वाचायच्या. बारा वर्षं खिचडीच्या रांगेवर ओरडून त्यांचा आवाजही तसाच झाला होता. शिबिरातल्या सिस्टरनी त्यांचं वाचन मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि त्यांनाच ऐकवलं. "आगं बया! येशू शिष्यांशी बोलतोय का पोरांना ताटं धुवायला हाकलतोय, तेच कळंना," मावशी सांगत होत्या आणि हसत होत्या. दुसरी अडचण, त्यांना थांबता येईना. वाचन झालं की थोडा वेळ गप्प राहायचं, लोकांना मनात घोळवू द्यायचं, असं सिस्टरनी सांगितलं होतं. मनात वीस अंक मोजायचे. मावशी पाचावरच उठायच्या. रिकामं बसायची सवयच नव्हती.

फादरनी सांगितलं, लगेच उभं राहू नका. नाताळ मी स्वतः करीन. तोवर रोज हरिबा मास्तरांपुढं वाचा. त्यांच्याइतकी उपासना इथं कुणाला ठाऊक नाही.

इथंच खरं अवघड सुरू झालं. मास्तरांना तारामावशी नको होत्या. ते बोलू शकत नव्हते, पण पहिल्या दिवशी मावशी पुस्तक घेऊन खाटेजवळ बसल्या तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मास्तरांची बायको धुरपताबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "तारे, मनावर घिऊ नको. राग न्हाय त्यो, दुःख हाय. पर दिसतंय रागासारखंच."

मावशींनी त्यांच्या पाठीला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी एका ओळीवर मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या माचव्यावर टकटक केलं. मावशी थांबल्या. "काय झालं, मास्तर? पाणी देऊ?" मास्तरांनी मान हलवली. मावशींनी ओळ पुन्हा वाचली. पुन्हा टकटक. तिसऱ्यांदा तीच ओळ, तिसऱ्यांदा टकटक. मास्तर आता भिंतीकडून वळले होते आणि डोळे वटारून पुस्तकाकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी ते पान घेऊन माझ्याकडं आल्या. "मॅडम, ह्या ओळीत काय चुकतंय बघा बरं. मास्तरांना सहन हुईना."

मी वाचायला सांगितलं. त्यांनी 'पश्चाताप' असं वाचलं. मी म्हटलं, "बरोबर तर आहे." मग पुस्तकात नीट पाहिलं. 'पश्चात्ताप.' त-ला त जोडलेला. मीही इतकी वर्षं फळ्यापुढं उभी राहून चुकीचंच म्हणत आले होते. आम्ही दोघींनी तो शब्द दहा वेळा घोकला. संध्याकाळी मावशींनी तो बरोबर म्हटला आणि मास्तरांचा हात हलला नाही.

त्यानंतर बरेच दिवस मास्तर भिंतीकडं वळले नाहीत. मावशी त्यांना नको होत्या, पण चुकीचं वाचन त्याहून नको होतं. हळूहळू दोघांची एक रीत ठरली. चूक झाली की टकटक. थांबायचं असलं की मास्तर डावा तळवा वर धरायचे आणि तो खाली येईपर्यंत मावशींनी पुढचा शब्द उच्चारायचा नाही. कुठली चूक ते मावशींना सापडलं नाही तर पान दुसऱ्या दिवशी माझ्याकडं यायचं. मी कधी चर्चमध्ये गेले नव्हते, पण डिसेंबर संपेपर्यंत त्यांची अर्धी उपासना मला पाठ झाली.

नाताळाच्या आधी एक मोठा खटका उडाला. शिबिरात अडचणीच्या वेळचा बाप्तिस्मा शिकवला होता. एरवी बाप्तिस्मा फादरच देतात. पण कुणी मरणाच्या दारात असेल आणि फादर पोहोचणं शक्य नसेल, तर साधा माणूसही देऊ शकतो. डोक्यावरून तीनदा पाणी वाहायला हवं आणि शब्द ठरलेलेच हवेत. पुस्तिकेत छापलं होतं, 'बाप्तिस्मा देतो.' मावशींनी शिबिरात विचारलं होतं, म्या देतो म्हणू का देते? सिस्टर म्हणाल्या होत्या, देते म्हणा.

मास्तरांपुढं मावशी 'देते' म्हणाल्या आणि मास्तरांनी टकटक केलं. मावशींनी पुन्हा 'देते' म्हटलं. मास्तर माचवा ठोकत राहिले, इतके की धुरपताबाई चुलीपासून धावत आली.

"सिस्टरनीच असं सांगितलंय, मास्तर."

मास्तरांनी डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशीही इकडं वळले नाहीत. त्यांना वाटलं असेल, एकतीस वर्षं आपण शब्दाला शब्द जपला, आणि ही पहिल्याच फटक्याला बदलायला निघाली.

मावशींनी फादरना फोन केला. आठवड्यानं फादर आले, खाटेवर मास्तरांच्या उशाशी बसले आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशींबरोबर गेले होते, म्हणून हे मला पाहायला मिळालं.

"मास्तर, पुस्तिका छापताना कुणाच्या मनात बाई नव्हती, एवढंच," फादर म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर देतो. ताराबाई म्हणतील तर देते. आणि खरं सांगा, देणारे तुम्ही कधी होता का? देणारा ख्रिस्त. आपण आपलं तोंड त्याला देतो. तोंड जसं, तसं क्रियापद."

 मास्तरांनी हातानं पुस्तिका मागितली. पेन मागितलं. मावशींनी पान उघडून समोर धरलं. डाव्या हाताची सवय नव्हती, पेन दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा त्यांनी 'देतो' या शब्दावर टोक टेकवलं आणि 'तो'चा काना खोडला. वरची मात्रा तेवढी राहिली. देते.

मावशींनी पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि खाली वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. फादर म्हणाले, "चहा तरी मिळेल का, धुरपताबाई?" आणि सगळेच हसले.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मावशींनी पहिल्यांदा उपासना घेतली. मला बोलावलं होतं. मी भिंतीशी टेकून बसले. धनाजीनं आणि दुसऱ्या एकानं मास्तरांना खुर्चीसकट उचलून आणलं आणि पुढं ठेवलं. माणसं तेवीस होती. कल्याणप्पा आले, पण आत न येता उंबऱ्यापाशी उभे राहिले.

मावशींनी पांढरी साडी नेसली होती. वेदीच्या एका बाजूला उभ्या राहून त्यांनी वाचलं. सुरुवातीला अडखळल्या, मग आवाज स्थिरावला. शुभवर्तमान संपलं, त्यांनी पुस्तक मिटलं आणि ठरल्याप्रमाणं गप्प राहिल्या. खूप वेळ गप्प राहिल्या. कुणी खोकलं. एका म्हातारीनं शेजारणीला हळूच विचारलं, "इसरली काय गं?" मला धास्ती वाटली. पण मावशींचा चेहरा शांत होता. नंतर त्यांनी मला सांगितलं, वीस झाले तरी उठावंसं वाटंना, म्हणून तशीच राह्यले.

उपासना झाल्यावर लोक बाहेर आले. कल्याणप्पा चप्पल घालता घालता म्हणाले, "आवाज मागपर्यंत येत व्हता." एवढंच बोलून ते निघून गेले. मावशी दिवसभर ते वाक्य सगळ्यांना सांगत होत्या.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका गुरुवारी, मुलं जेवायला बसली होती तेव्हा मावशींचा फोन वाजला. कल्याणप्पांचा होता. त्यांची मुलगी एस्तेर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यातच तिला कळा सुटल्या, आदल्या संध्याकाळी तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं, पहाटे मुलगी झाली. वजन सव्वा किलो. श्वास घेता येईना.

"तारामती, फादरचा फोन लागंना," कल्याणप्पांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "डाक्टर म्हणतेत, काय सांगता येत न्हाय. एस्तेर म्हणती, लेकराला बाप्तिस्मा द्या. तू येतीस का?"

फादर वार्षिक साधनेला गेले होते. तिथं आठ दिवस सगळे पुरोहित मौन पाळतात आणि फोन बंद ठेवतात. मावशींना ते माहीत होतं. त्यांनी पळी दुसऱ्या बाईच्या हातात दिली, हात धुतले आणि माझ्याकडं पाहिलं. मी मुख्याध्यापकांना सांगून स्कूटी काढली.

 मी जोरात निघाले होते. बेंबळी ओलांडल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम, हळू घ्या. पोचायचं हाय आपल्याला."

नवजात बाळांच्या कक्षाबाहेर कल्याणप्पा काचेला लागून उभे होते. टोपी काढून हातात धरली होती. मावशी आधी त्यांच्याकडं गेल्या नाहीत. वॉर्डात एस्तेरच्या खाटेपाशी गेल्या. तिच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, "तुझी इच्छा हाय ना, बाळा? आन् जावयांची?" एस्तेरनं मान हलवली. तिचा नवरा लातूरहून निघाला होता, त्याला फोनवर विचारलं, तोही हो म्हणाला. "नाव काय ठिवायचं?" एस्तेर म्हणाली, "मार्था."

कक्षातल्या नर्सला हे सगळं समजावायला मला थोडा वेळ लागला. ती डॉक्टरांना विचारून आली. एकटीनंच आत यायचं, झगा आणि मास्क घालायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीतून बाहेर काढायचं नाही. मावशी म्हणाल्या, "काढायचं न्हाय. फकस्त कपाळावरून थोडं पाणी व्हायला पायजे. पुसलेलं चालत न्हाय, व्हायलाच पायजे."  नर्सनं निर्जंतुक पाणी कोमट करून एका बारीक सिरिंजमध्ये भरलं आणि सुई काढून मावशींच्या हातात दिली. "पेटीच्या भोकातून हात घाला. मी डोकं धरते, पाणी कापसात घेते," ती म्हणाली.

काचेतून मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. पेटीतलं बाळ मावशींच्या ओंजळीत मावेल एवढं होतं, नळ्यांमध्ये गुंतलेलं. मावशींचा हात भोकातून आत गेला. एकदा थेंब पडले आणि हात थांबला. दुसऱ्यांदा पडले, थांबला. तिसऱ्यांदा. घाई कुठंच नव्हती. मग त्यांनी हात बाहेर काढला, स्वतःवर क्रूसाची खूण केली आणि तशाच उभ्या राहिल्या. नर्सही उभी राहिली. यंत्राचा बारीक दिवा तेवढा उघडझाप करत होता.

ती नर्स नंतर मला म्हणाली, "त्या म्हणाल्या ना, मी तुला बाप्तिस्मा देते, तेव्हा मीपण मनातल्या मनात हात जोडले हो. आमच्यात असलं काही नसतं, पण तरी."

बाहेर आल्यावर मावशींनी कल्याणप्पांना एवढंच सांगितलं, "झालं, अण्णा. मार्था नाव ठिवलंय." मग जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या.  

त्या दिवशी संध्याकाळी बाळाच्या तब्येतीत काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी बाळाची एक नळी काढली. फादर साधनेतून बाहेर आले, फोन सुरू केला आणि सरळ धाराशिवला आले. बाळ पाहून झाल्यावर त्यांनी मावशींकडं फोनवर बारीक चौकशी केली. पाणी वाहिलं का? किती वेळा? शब्द काय म्हणालात? पूर्ण म्हणून दाखवा. मावशींनी म्हणून दाखवलं.  मग फादर म्हणाले, "ठीक आहे, ताराबाई. अगदी ठीक आहे."

एक्केचाळिसाव्या दिवशी मार्था घरी आली. तोवर ती दूध ओढायला लागली होती आणि चांगली मोठ्यानं रडायची.

कल्याणप्पांनी फादरना विचारलं, "आता चर्चमधी परत बाप्तिस्मा करून घ्यायचा का, तुमच्या हातानं? म्हंजे पक्का हुईल."

"झाला तो पक्काच झाला," फादर म्हणाले. "पाणी पुन्हा घालता येत नाही, कल्याणप्पा. घातलं तर पहिलं खोटं होतं, असं आम्ही म्हटल्यासारखं होईल. राहिलेला विधी तेवढा करू."

इस्टरनंतरच्या रविवारी तो राहिलेला विधी झाला. चर्च भरून लोक दाराबाहेर उभे होते. आमच्या शाळेतले मुख्याध्यापक आले होते, दवाखान्यातली नर्सही रजा काढून आली होती. फादरनी बाळाच्या माथ्याला तेल लावलं. पांढरं झबलं घातलं. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता बाळापाशी उभे होते. मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवून धर्मपित्याच्या हातात दिली. मावशी लोकांत बसल्या होत्या, चौथ्या ओळीत, धनाजीशेजारी. फादरनी त्यांना पुढं बोलावलं नाही, आणि त्यांनाही तसं काही अपेक्षित नव्हतं.

जेवणाआधी फादरनी बाप्तिस्म्याची मोठी वही उघडली आणि नोंद केली. बाळाचं नाव, आईवडिलांची नावं, ठिकाण जिल्हा रुग्णालय, धाराशिव. पुढच्या रकान्यावर छापलं होतं, 'पुरोहिताचे नाव.' तिथं फादरनी लिहिलं, तारामती धनाजी. कल्याणप्पा शेजारीच होते. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी मला विचारलं, "काय लिवलं, मॅडम?" मी वाचून दाखवलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "गवंड्याचं नाव भिताडावर नसतं. हिथं तरी असू द्या." आणि पंगत बसवायला गेले.

आता दर रविवारी चाळीसेक माणसं येतात. कल्याणप्पा उंबऱ्यावर उभे राहत नाहीत, आत बसतात. मार्थाला मांडीवर घेऊन बसतात आणि ती रडायला लागली की सगळ्यांच्या आधी तेच घाबरतात. मे महिन्यात मावशी पाच दिवस ईट नावाच्या गावी जाऊन आल्या. तिकडच्या तीन बायांना उपासना घ्यायची आहे, त्यांच्याबरोबर सराव केला. त्या सगळ्यांना तिथंच मयताच्या वेळची उपासनाही शिकवली. माणूस गेल्यावर घरी कुठली प्रार्थना म्हणायची, माती देताना काय वाचायचं, घरच्यांशी कसं बोलायचं.

ती नवी पुस्तिका घेऊन मावशी मास्तरांकडं गेल्या, त्या दिवशी मीही होते. मास्तरांनी डाव्या हातानं सगळी पानं उलटली. एका वाचनापाशी थांबले, त्यावर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

धुरपताबाईला कळलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. 

तारामावशींनी पुस्तिका घेतली, ते पान नीट बघितलं, एकदोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले.

"बरं, हे घेईन," त्या म्हणाल्या. "पर मास्तर, ह्यातली नावं लई अवघड हायती. मला बसवायला दोन-तीन वर्षं तरी लागतील. आन् तुमच्याबिगर शिकवणार कोण?"

मास्तरांच्या तोंडाची डावी बाजू हसली. त्यांनी पुस्तिका मावशींकडं सरकवली आणि वाचायला सुरुवात कर, अशी हातानं खूण केली.